हिरड्यांची साल निघते, दात साफ करूनही फरक नाही. आतला काही आजार असेल का?

तुम्ही लिहिलंय की आईंच्या हिरड्या लालभडक झाल्यात, ब्रश लागला की पापुद्रा सुटतो आणि दोनदा दात साफ करूनही गुण नाही. हो, आतला आजार असू शकतो. माझ्या मायच्या वेळी आमचे आठ महिने वाया गेले, म्हणून कळकळीनं सांगतो, थांबू नका.

आम्ही अमळनेरकडचे. भाकरीबरोबर ठेचा खाणारी बाई दूध-भाकरीवर आली. "तोंडमा नुसती आग व्हस," एवढंच म्हणायची. आम्ही कधी तिखटाला दोष दिला, कधी मिशरीला. मिशरी सुटली ते बरंच झालं, पण हिरड्या तशाच.

दातांवरच्या किटणानं आलेली सूज सफाईनंतर बसते. साल निघत राहिली तर बहुतेकदा तीनपैकी एक आजार निघतो, आणि तिन्हीत प्रतिकारशक्ती आपल्याच शरीरावर उलटलेली असते. लायकेन प्लॅनसमध्ये गालाच्या आत पांढऱ्या जाळीदार रेषा दिसतात. पेम्फिगॉइडमध्ये वरचा थर खालच्यापासून सुटतो. हा आजार डोळ्यांत उतरला तर व्रण पडून दृष्टी जाऊ शकते, म्हणून डोळे लाल होतात का, खुपतात का, हे आईंना आजच विचारा. पेम्फिगस व्हल्गॅरिस बहुधा तोंडातूनच सुरू होतो, अंगावर फोड पुढे कित्येक महिन्यांनी येतात. उपचार झाले नाहीत तर तो जिवावर बेततो.

नुसतं पाहून नक्की सांगता येत नाही, बायोप्सी, म्हणजे हिरडीचा छोटा तुकडा काढून तपासणं, लागते. आमचं इथंच चुकलं. पहिला तुकडा उघड्या जखमेतून घेतला, त्यावर वरचा थरच नव्हता, रिपोर्ट आला 'जुनाट सूज'. दुसऱ्यांदा जखमेशेजारच्या धड दिसणाऱ्या हिरडीतून दोन तुकडे घेतले. एक नेहमीच्या तपासणीसाठी फॉर्मॅलिन या द्रावणात, दुसरा इम्युनोफ्लुओरेसन्ससाठी, म्हणजे शरीरावर उलटलेली प्रतिद्रव्यं चमकवून दाखवणाऱ्या तपासणीसाठी, मिशेलच्या द्रावणात. हा दुसरा चुकून फॉर्मॅलिनमध्ये पडला की त्या तपासणीच्या कामाचा राहत नाही. त्यातून पेम्फिगॉइड कळला. तुकडा घेण्याआधी डॉक्टरांना हे जरूर विचारा, दंतवैद्याबरोबर त्वचारोगतज्ज्ञही गाठा.

मायला दातांवर बसणाऱ्या साच्यात स्टेरॉइडचं जेल भरून लावायला दिलं. पुढे डॅप्सोन नावाचं औषध दिलं, पण जी६पीडीची (तांबड्या रक्तपेशी जपणाऱ्या एन्झाइमची) रक्ततपासणी झाल्यावरच. आता ती मिरची कमी घातलेलं भरीत खाते. मऊ ब्रश मात्र रोज चालू ठेवा, किटण साचलं की आग वाढते. आणि कुणी दात काढायला सांगितलं, तर आधी हा रिपोर्ट हातात येऊ द्या.