मारबत ठेव, फुटाळा काढून टाक

नागपूर

प्रिय विद्यार्थिनीस,
सप्रेम आशीर्वाद.

तुझी छायाचित्रे सावकाश पाहिली. स्पर्धेच्या परीक्षकांनी त्यांतील दोन चित्रे ‘तांत्रिक दोष’ एवढाच शेरा मारून बाजूला ठेवली, याचे तुला वाईट वाटणे स्वाभाविक आहे. परंतु ‘कलेत नियम हवेतच कशाला’ असे जे तू रागाच्या भरात लिहिले आहेस, ते या दोन्ही चित्रांना सारखे लागू पडत नाही. मारबतीच्या, म्हणजे पोळ्यानंतर आपल्याकडे मिरवत नेऊन जाळतात त्या पुतळ्याच्या, चित्रात नियम मोडल्यामुळे काहीतरी हाती आले आहे. फुटाळा तलावाच्या चित्रात नुसताच नियम मोडला आहे.

आधी मारबतीविषयी लिहितो. हातात कॅमेरा असताना पन्नास मिलिमीटरच्या लेन्सला १/५० सेकंदापेक्षा संथ शटर लावू नये, म्हणजे प्रकाश त्याहून जास्त वेळ आत येऊ देऊ नये, नाहीतर हात हलून चित्र पुसट होते, हे तुला वर्गातच सांगितले होते. तू १/१५ लावलेस, खांद्याचा आधार विजेच्या खांबाला घेतलास आणि श्वास रोखून बटण दाबलेस. परिणाम असा झाला की काळी मारबत प्रचंड आणि सावकाश सरकणारी असल्यामुळे बरीचशी स्पष्ट राहिली, आणि तिच्यापुढे उंचावलेले जवळचे हात मात्र धुरासारखे विरले. ‘इडा पिडा घेऊन जा गे मारबत’ असे ओरडणाऱ्या इतवारीच्या गर्दीत जो उभा राहिला आहे, त्याला तो दिवस असाच आठवतो. १/५०० वर प्रत्येक बोट मोजता आले असते, पण मग ते बातमीतले छायाचित्र झाले असते. शिवाय तू एक्स्पोजर, म्हणजे आत येणारा एकूण प्रकाश, दीड स्टॉपने कमी केलेस (एक स्टॉप कमी म्हणजे प्रकाश निम्मा), हे मला विशेष आवडले. कॅमेऱ्यातील प्रकाश मोजणारा मीटर समोरच्या प्रत्येक दृश्याला सुमारे अठरा टक्के प्रकाश परावर्तित करणारा मध्यम करडा रंग मानतो. त्याचे ऐकले असतेस तर काळ्या मारबतीची राखाडी मारबत झाली असती. दीक्षाभूमीचा पांढरा स्तूप टिपताना हाच मीटर उलट्या दिशेने फसवतो, म्हणून तेथे एक्स्पोजर वाढवावे लागते.

आता फुटाळा. तेथे क्षितिज दोन-तीन अंशांनी कलले आहे आणि त्यामुळे तलाव बशीतल्या चहासारखा एका बाजूला सांडतो आहे. चित्रात दुसरे काहीही त्या कलण्याला साथ देत नाही. काठावर बसलेली मंडळी निवांत आहेत, पाणी स्थिर आहे. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात रशियाचे छायाचित्रकार अलेक्झांडर रोदचेन्को यांनी कॅमेरा वाकडा धरला, इमारती अगदी खालून आणि रस्ते थेट वरून टिपले, ते पोटाच्या उंचीवरून सरळ पाहण्याच्या सवयीला त्यांचा विचारपूर्वक विरोध होता म्हणून. त्यांचा कल पाहणाऱ्याला लगेच कळतो. दोन अंशांचा कल नजरचुकीसारखा दिसतो, आणि तुझ्या बाबतीत ती नजरचूकच असावी अशी मला शंका आहे. फोटोत केलेली जी गोष्ट तुला उद्या ठरवून पुन्हा करता येणार नाही, तिला शैली म्हणू नकोस.

प्रत्येक नियम मुळात कोणाच्या तरी अडचणीवरचे उत्तर असतो. चौकटीचे तीन भाग करण्याच्या ज्या नियमाचा तुला कंटाळा आला आहे, त्याचे ‘रूल ऑफ थर्ड्स’ हे नाव १७९७ साली जॉन थॉमस स्मिथ या इंग्रज चित्रकाराने निसर्गचित्रांच्या संदर्भात लिहून ठेवले; छायाचित्रणाचा शोध जगासमोर जाहीर झाला तो १८३९ साली. आकाश आणि जमीन यांनी कागद निम्मा-निम्मा वाटून घेऊ नये, एवढीच त्या माणसाची चिंता होती. दीक्षाभूमीच्या अर्धगोलापुढे समोरासमोर उभे राहिल्यावर ती चिंता उरत नाही, कारण ती वास्तूच मध्यभागी उभे राहण्यासाठी रचलेली आहे. तिला तृतीयांशावर ढकलून तुला काय मिळणार? इंग्रज छायाचित्रकार ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन यांच्या हाती वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, १८६३ साली कॅमेरा आला आणि त्यांनी चेहरे मुद्दाम मऊ, किंचित अस्पष्ट ठेवले. तेव्हाच्या जाणकारांनी त्यांच्या फोकसला नावे ठेवली. चेहऱ्याची नोंद करण्यापेक्षा त्या माणसाचे अंतरंग दाखवणे त्यांना महत्त्वाचे वाटत होते. परीक्षकांवर रागावून काही होत नाही, हेही त्यातून घे.

माझ्या मते नागपूरच्या छायाचित्रकाराने सर्वांत आधी मोडावा असा नियम म्हणजे दुपारी कॅमेरा बाहेर काढू नये, हा. सकाळ-संध्याकाळच्या सोनेरी प्रकाशात सगळेच देखणे दिसते, पण मे महिन्यातले पंचेचाळीस अंशांचे नागपूर त्या प्रकाशात खोटे दिसते. आपले शहर २१ अक्षांशाच्या किंचित वर असल्यामुळे मे अखेरीस सूर्य मध्यान्ही थेट डोक्यावर येतो आणि सरळ उभ्या खांबाची सावली त्याच्या बुडाशी नाहीशी होते. सीताबर्डीच्या रस्त्यावर त्या वेळी भिंतींना खोली राहत नाही, चेहऱ्याला दुपट्टा गुंडाळलेल्या मुलीच्या डोळ्यांच्या जागी फक्त काळोख दिसतो, आणि कूलरला लावलेली वाळ्याची ताटी तेवढी ओली, गडद उठून दिसते. तेथे आकाश पांढरेफटक जाऊ दे. डिजिटल फाईलमध्ये एकदा पूर्ण पांढरे झालेले पुन्हा आणता येत नाही, म्हणून काय घालवायचे हे बटण दाबण्यापूर्वी ठरव. आकाश गेले तरी चालेल, दुपट्ट्याचे विणकाम गेले तर चालणार नाही. (पाण्याची बाटली आणि कांदा सोबत ठेव, हे तुझ्या आईच्या वतीने.)

एक भेद मात्र सांगायलाच हवा. चौकट, फोकस, प्रकाश यांचे नियम तुझे आहेत, ते तू हवे तसे वाकव. वर्तमानपत्रासाठी काढलेल्या छायाचित्रातून एखादा माणूस पुसणे किंवा रडणाऱ्याला पुन्हा रडायला लावणे याला मी नियमभंग म्हणणार नाही. ती फसवणूक आहे, आणि कलेचे नाव घेऊनही ती माफ होत नाही.

येत्या मे महिन्यात एकच चौक निवड आणि एकच लेन्स वापर. प्रत्येक दृश्य आधी नियमाने घे, मग तुला हवे तसे मोडून घे, आणि दोन्ही रॉ फाईल (कॅमेऱ्याने टिपलेल्या मूळ, प्रक्रिया न केलेल्या) काहीही न सुधारता माझ्याकडे आण. दोन्ही शेजारी ठेवल्यावर ज्या जोडीत पहिलेच चित्र अधिक बोलके निघेल, त्या जोडीतले दुसरे का मोडले होते, हे मी तुला विचारणार आहे. फुटाळ्याचे चित्र तोवर संचातून काढ. मारबतीचे मोठ्या आकारात छापून घे, चकचकीत कागदावर; मॅट कागदावर तो काळा रंग तेवढा गडद उतरणार नाही.

तुझा शुभचिंतक