गोळी आधी की मीठ आधी?

तुमचं वय ४२, दवाखान्यात दोनदा बीपी १५२/९६ आलं, डॉक्टरांनी गोळी लिहून दिली. ती न घेता तीन महिने खाणं-चालणं सुधारून बघू का, असं तुम्ही विचारलंय. मी अकरा वर्षांचा जुना बीपीवाला आहे, डॉक्टर नाही. गोळी लांबवायची की नाही हे ज्यांनी लिहून दिली त्यांनाच विचारा. साखर, किडनी, घराण्यातला इतिहास त्यांना ठाऊक असतो. पण गोळी घेतली तरी पुढचं सगळं करायचंच आहे.

माझ्या घरात खरा फरक मिठाने पडला. "आम्ही मीठ कमीच खातो" असं मीही म्हणायचो. मग एकदा मिठाची किलोची पिशवी फोडली तेव्हा तिच्यावर पेनाने तारीख घातली. घरात तिघं, आणि पिशवी संपली २६ दिवसांत! हिशेब केला तर माणशी रोज जवळपास १३ ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना सांगते ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे चहाचा सपाट चमचाभर. शिवाय लोणचं, पापड, फरसाण, पाव यांतलं मीठ या हिशेबात नव्हतंच. आता तीच पिशवी दीड महिन्याच्या वर जाते.

एकदम कमी केलं असतं तर घरात बंड झालं असतं. आधी ताटातलं मीठ बंद केलं. मग कणकेतलं आणि भातातलं. कुणाला कळलंही नाही. आमटीत आमसूल, लिंबू, लसणाची फोडणी वाढवली, आंबट असलं की जीभ मीठ मागत नाही. पहिले पंधरा दिवस सगळं पाणचट लागलं, नंतर बाहेरची मिसळच खारट लागायला लागली. ताकातलं मीठ मात्र सोडवेना, शेवटी जिरेपूड आणि आल्यावर भागवलं.

सैंधव वापरून सुटका होत नाही, मिठातलं बीपी चढवणारं सोडियम त्यातही असतंच. पापडखार, खायचा सोडा, पित्तावरच्या फसफसणाऱ्या पुड्या यांतही सोडियम असतं. आणि बाजारातलं 'लो सोडियम' मीठ डॉक्टरांना विचारल्याशिवाय आणू नका. त्यात पोटॅशियम असतं. किडनीचा त्रास असेल किंवा टेल्मिसार्टनसारखी बीपीची गोळी चालू असेल तर ते रक्तात जास्त साठू शकतं.

चालणं: रोज अर्धा तास, बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही इतक्या वेगाने. माझं वजन वर्षभरात सहा किलो उतरलं, त्याचाही हातभार लागला. दारू घेत असाल तर ती कमी करा. घोरत असाल आणि दिवसा पेंग येत असेल तर तेही डॉक्टरांना सांगा, झोपेत श्वास अडत असेल तर बीपी हटता हटत नाही. गुडघेदुखीच्या गोळ्यांचंही तसंच. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन बीपी चढवतात आणि आपण औषधाच्या दुकानातून बिनधास्त घेतो.

एवढं करून माझं १४८/९४ चं १३४/८४ झालं. पाच वर्षं विनागोळी काढली, मग गोळी लागलीच. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पुढे एका उन्हाळ्यात 'आता नॉर्मल आहे' म्हणून मनानेच बंद केली आणि दोन आठवड्यांत आकडा पुन्हा वर. नॉर्मल होतं ते गोळीमुळेच.

दंडाला बांधायचं यंत्र घ्या, मनगटाचं नको. सात दिवस सकाळ-संध्याकाळ मोजून वहीत लिहा. घरी सरासरी १३५/८५ च्या वर राहिली तर ते जास्तच धरतात. १८०/१२० च्या वर आकडा आणि सोबत छातीत दुखणं, धाप, बोलण्यात अडखळणं असं काही दिसलं तर वही बाजूला ठेवून सरळ हॉस्पिटल गाठा. मोजण्याआधी अर्धा तास चहा-तंबाखू नको, पाच मिनिटं पाठ टेकून, पाय जमिनीला लावून गप्प बसा, बाही वर करून हात टेबलावर ठेवा. आणि त्याआधी लघवीला जाऊन या. तुंबलेली असली तरी आकडा चढतो, हे मला कुणी चार वर्षं सांगितलं नव्हतं.