कोरिंथियन्सचे नवे चाहते, आधी एवढंच

ब्राझीलमधल्या या फुटबॉल क्लबच्या चाहत्यांत स्वागत! हिरवा टी-शर्ट मात्र कपाटातच राहू द्या. हिरवा म्हणजे पाल्मेरास क्लब, आपल्याच साओ पाउलो शहरातले आपले हाडवैरी.

नवखे हमखास दोन ठिकाणी चुकतात:
- सामन्याची तारीख: तिथले रात्रीचे साडेनऊ म्हणजे भारतात दुसऱ्या दिवशीचे सकाळचे सहा. चहा टाकूनच बसा.
- स्पर्धा: वर्षाच्या सुरुवातीची पाउलिस्ता ही साओ पाउलो राज्याची, राष्ट्रीय लीग वेगळी.

आणि दोन पराभवांत क्लब बदलू नका हो! १९५४नंतर राज्याचं विजेतेपद थेट १९७७ला मिळालं, तरी 'फिएल' म्हणजे निष्ठावंत हलले नाहीत. त्या ७७च्या अंतिम सामन्यातला, पोंते प्रेता क्लबविरुद्धचा आपल्या बाझिलिओचा गोल शोधून बघाच. चेंडू आधी बारला लागतो, मग रेषेवरून परततो, तेव्हा कुठे आत जातो. आपला जुना खेळाडू सॉक्रेटिस आणि त्याची लोकशाही, म्हणजे क्लबचे निर्णय खेळाडूंसकट सगळ्यांनी मतदानाने घेणं, हे सावकाश, पुढच्या वेळी.