कोकणातली जुनी गाडी आधी खालून बघ

रत्नागिरी-मालवणकडची गाडी घेतोयस ना, मग रंगाच्या चकाकीवर भुलू नकोस. खाऱ्या हवेनं पत्रा खालून सडतो. गाडी रॅम्पवर चढवायला लाव, टॉर्च मारून चेसिस, सायलेन्सर, ब्रेकचे पाइप बघ. डिकीतलं मॅट उचल, स्टेपनी काढ आणि त्या खड्ड्यात अंगठा दाबून पाहा. पत्रा कुरकुरला, किंवा खालून ताजं काळं कोटिंग मारलेलं दिसलं, तर काय झाकलंय ते मालकाला सरळ विचार.

चिपळूण-महाडची असेल तर २०२१ च्या पुरात बुडाली होती का, हे तपासच. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढ. चिखलाचा डाग बहुधा तिथेच सापडतो. विम्याचे जुने क्लेमही माग.

एमपरिवहन ॲपवर नंबर टाकून फिटनेस, विमा, पीयूसी, कर्जाचा बोजा बघ. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, पुढे आरटीओत तपासणी करून दर वेळी ५ वर्षांसाठी वाढवावी लागते. कर्ज असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ (आरसीवरचा कर्जाचा बोजा उतरवायचा अर्ज) मिळाल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नकोस. सर्व्हिसच्या नोंदींतले किलोमीटर मीटरशी ताडून घे.

इंजिन थंड असतानाच सुरू करून बघ. मालकाने आधीच तापवून ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा जा.