डीएड खालचं, हे कुणी ठरवलं?

प्रश्न: मुलगी बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे. बारावीला ७१ टक्के होते. तिला जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका व्हायचंय, तेही पहिली-दुसरीच्या मुलांची. पण पदवीनंतर डीएड म्हणजे पुन्हा खाली उतरणं, चार लोक हसतील. आम्ही तिला बीएडच करायला लावणार आहोत. बीएड प्राथमिकलाही चालतं ना? नाहीच जमलं तर एकरभर जमीन विकून एखाद्या संस्थेत लावू. मुलीच्या जातीला मास्तरकीच बरी, अर्धा दिवस मोकळा मिळतो.
– एक पालक

उत्तर: भाऊ, लेकीसाठी जमीन विकायची तयारी आहे म्हणता, यात तुमची माया दिसते. तरी पत्र वाचताना मी एका शब्दाशी अडखळले. बीएड करायला ‘लावणार’, संस्थेत ‘लावू’. माझ्यासमोर बसणारी बरीच मुलं ‘काहीही चालेल’ म्हणतात. तुमची मुलगी इयत्तेसकट सांगतेय. एवढं स्पष्ट उत्तर घरात असताना तुम्ही चार लोकांना विचारताय.

पहिलीचा वर्ग ‘खालचा’ वाटत असेल तर एकदा तिथे जाऊन बसा. मी बसले आहे. एक मुलगी पाटीवर बोट ठेवून ‘घ... र... घ... र...’ करत होती. बाई काही न बोलता शेजारी मांडी घालून थांबल्या होत्या. बऱ्याच वेळाने ती एकदम म्हणाली, ‘घर! आपलं घर?’ तोवर ती दोन सुटी चिन्हं होती, आता त्यांत तिचं घर होतं. बाईंनी मध्येच ‘घर’ सांगून टाकलं असतं तर तो क्षण गेला असता. थांबायचं कधी आणि सांगायचं कधी, हे शिकावं लागतं. डीएड त्याच्यासाठीच आहे.

आता तुमचा मोठा गैरसमज. बीएड प्राथमिकला चालत नाही. २०१८ मध्ये एनसीटीईने, म्हणजे शिक्षकांची पात्रता ठरवणाऱ्या राष्ट्रीय परिषदेने, पहिली ते पाचवीसाठी बीएडवाल्यांना दार उघडलं होतं, पण ११ ऑगस्ट २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते बंद केलं. बीएड हे डीएडच्या वरचं नाही, ते वेगळ्या वयाच्या मुलांसाठीचं शिक्षण आहे. म्हणजे तुमच्या मनासारखं झालं, तर मुलीला जो वर्ग हवाय नेमका तोच तिच्या हातून जाईल. उलट बीएस्सीवर तिने डीएड, म्हणजे आताचं डीएलएड केलं, तर पहिली ते पाचवी आणि सहावी ते आठवी, दोन्हीकडे ती पात्र ठरते. नववी-दहावीला शिकवायचं असेल तरच बीएड.

पुढचा रस्ता सरळ आहे: टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेचे दोन्ही पेपर (प्रत्येकी १५० पैकी ९० गुण, राखीव प्रवर्गाला सवलत), मग २०० गुणांची टेट, म्हणजे भरतीसाठीची अभियोग्यता चाचणी, आणि शेवटी पवित्र पोर्टल, म्हणजे राज्याची ऑनलाइन शिक्षक भरती. फक्त टेटचा भरवसा धरू नका. ती २०१७ नंतर थेट २०२३ मध्ये झाली आणि मग २०२५ मध्ये. निवड झाली तरी पहिली तीन वर्षं शिक्षणसेवक म्हणून महिना १६,००० रुपये मानधन. शिवाय २०३० पर्यंत बारावीनंतर पदवीसह होणारा चार वर्षांचा एकात्मिक बीएड हीच किमान पात्रता करायचं राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात म्हटलंय, म्हणून एक वर्षही वाया घालवू नका.

जमिनीचं मात्र मी निक्षून सांगते: विकू नका. अनुदानित शाळेतली भरतीही पवित्र पोर्टलवरूनच होते. पैसे भरून मागच्या दाराने गेलेल्यांना शिक्षण विभागाची वैयक्तिक मान्यता मिळत नाही, शालार्थ या सरकारी पगार-प्रणालीचा आयडी मिळत नाही, आणि त्याशिवाय सरकारी पगार निघत नाही. ‘आज ना उद्या मान्यता येईल’ या आशेवर वर्षानुवर्षं बिनपगारी राबणारी माणसं मी पाहिली आहेत. टीईटीत ‘सेटिंग’ करून देतो म्हणणाराही दारात आला तर त्याला उभा करू नका. २०१९-२० च्या परीक्षेतला गैरव्यवहार उघड झाला तेव्हा हजारो उमेदवार बाद झाले.

आणि तो अर्धा दिवस कुठे मोकळा मिळतो, मला ठाऊक नाही. शाळा सुटल्यावर पोषण आहाराच्या नोंदी असतात, ऑनलाइन माहिती भरायची असते, निवडणुकीच्या मतदार याद्या असतात. पहिली नेमणूक नंदुरबार नाहीतर गडचिरोलीतल्या एखाद्या पाड्यावरही मिळू शकते. तिथे एकटी राहशील का, हे तिला विचारलंय का? मुलगी म्हणून सोयीची नोकरी शोधत असाल तर ही ती नव्हे. मुलगी मनापासून म्हणतेय म्हणून पाठवत असाल तर जरूर पाठवा.

बारावीच्या गुणांवर डीएलएडला प्रवेश मिळतो, ७१ टक्के पुरेत. अर्ज भरण्याआधी मुख्याध्यापकांची परवानगी काढून तिला गावच्या शाळेत आठवडाभर पहिलीच्या वर्गात बसू द्या. तिथे काय वाटलं, ते तिनेच मला लिहावं. तुमचं पत्र मिळालं, आता मला तिचं हवंय.