कॅसांड्रा या डेटाबेसमध्ये नवा नोड (सर्व्हर) जोडल्यावर जुन्या नोडवरचा उरलेला डेटा आपोआप साफ होतो का?

नाही होत, त्यासाठी क्लीनअप ही आज्ञा वेगळी चालवावी लागते. पण पुढे तुम्ही "डिस्क भरपूर आहे, क्लीनअप नाही चालवलं तर काय बिघडतं?" असं विचारलंय, म्हणून लिहायला बसलो. हेच वाक्य मी इंदूरला विजयनगरच्या ऑफिसात आमच्या टीम लीडकडून ऐकलंय.

आमचं घरपोच किराण्याचं ॲप. तीन नोड, रेप्लिकेशन ३, म्हणजे प्रत्येक ओळीच्या तीन प्रती. नवरात्रात गर्दी वाढणार म्हणून चौथा नोड जोडला. काही टोकन रेंज (डेटाचे वाटून दिलेले हिस्से) त्याच्याकडे गेल्या, जुन्या नोडवरच्या प्रती मात्र तशाच पडून. साधं कॉम्पॅक्शन, म्हणजे डेटा फायली एकत्र करण्याचं नेहमीचं काम, त्यांना हात लावत नाही. मी म्हटलं, नोडटूल या कमांड-साधनातून क्लीनअप चालवू या. लीड म्हणाले, "सणासुदीत आयओ (डिस्कवरचा ताण) वाढवायचा नाही, नंतर बघू." तुळशीची लग्नं आटोपली, खर्च नको म्हणून चौथा नोड डीकमिशन केला, म्हणजे क्लस्टरमधून काढला. क्लीनअप राहिलंच.

मग सुदामानगरातून एका काकूंचा फोन. "अहो, रामबागेतला पत्ता मी नवरात्रातच पुसला होता. सामान तिकडे कसं गेलं?"

त्या ओळीचा राइटटाइम (ती लिहिली गेल्याची वेळ) काढला, तर तो चौथा नोड येण्याआधीचा! काकूंनी पत्ता पुसला तेव्हाचा टूमस्टोन (पुसल्याची खूण) फक्त त्या वेळच्या मालक नोडांवर पडला आणि जीसी ग्रेस ही ती खूण राखायची मुदत (डिफॉल्ट ८६४००० सेकंद, म्हणजे १० दिवस) उलटल्यावर कॉम्पॅक्शनमध्ये गेला. ज्या जुन्या नोडकडून रेंज काढून घेतली होती, त्याला तो मिळालाच नाही. डीकमिशननंतर रेंज त्याच्याकडे परत आली, जुन्या पत्त्यासकट. पुढच्या रिपेअरने (नोडांमधल्या प्रती जुळवण्याच्या कामाने) तीच ओळ बाकीच्यांनाही वाटली.

लीड तेव्हाही "ॲपचा बग असेल" म्हणत होते. राइटटाइम समोर ठेवला तरी! माझं मत आजही तेच आहे: जागा वाचते हा वरचा फायदा, खरं काम पुसलेलं पुसलेलंच ठेवण्याचं. "नंतर बघू" म्हणणाऱ्याला सरळ विचारा, डीकमिशनच्या आधी क्लीनअप झालं याची जबाबदारी कोण घेणार? आणि उत्तर लेखी घ्या.

हो, नवा नोड यूएन (अप-नॉर्मल, म्हणजे चालू आणि पूर्ण सामील) दिसेपर्यंत क्लीनअप सुरू करू नका. एका वेळी एकच नोड, तोही रात्री. सिल्ला या कॅसांड्रासारख्या डेटाबेसमध्ये टॅब्लेट (डेटाचे आपोआप हलणारे तुकडे) वापरत असाल तर ही साफसफाई तोच करतो. आणि डिस्क काठोकाठ भरेपर्यंत थांबू नका. क्लीनअप एसएसटेबल (डिस्कवरच्या डेटा फायली) नव्याने लिहितं, त्याला मोकळी जागा लागते.