चार वर्षांची बी.फार्म. आणि अमेरिकेचं लायसन्स

प्रश्न : मॅडम, माझी थोरली मुलगी बेळगावात शिकून २०१९ साली बी.फार्म. झाली. लग्न होऊन न्यू जर्सीला गेली. जावई एच-१बी वर (नोकरीचा व्हिसा), ती एच-४ वर (बायकोचा व्हिसा). इथला एक एजंट म्हणतो, पाच लाख भरा, फार्मासिस्टचं लायसन्स काढून देतो. भरावेत का? धाकटी दुसऱ्या पीयूसीला (बारावीला) आहे, तिलाही हीच लाइन घ्यायची आहे.
— एक आई, खानापूर

उत्तर : ताई, एक रुपयाही देऊ नका.

अमेरिकेबाहेर शिकलेल्या फार्मासिस्टची पात्रता तिथे एनएबीपी ही संस्था तपासते. १ जानेवारी २००३ पासून पुढे पदवी घेतलेल्यांना फार्मसीचा किमान पाच वर्षांचा अभ्यासक्रम लागतो. आपली बी.फार्म. चार वर्षांची, आणि वर एम.फार्म. केलं तरी ती वर्षं त्यात धरत नाहीत. अर्ज पहिल्याच पायरीला अडतो, तिथे एजंट काय करणार? चांगल्या शिकलेल्या आपल्या मुली तिकडे जाऊन घरी बसतात, याचं मला फार वाईट वाटतं.

पण थोरलीला फार्मसी टेक्निशियन, म्हणजे फार्मासिस्टच्या हाताखालचा मदतनीस, होता येईल. त्यासाठी पीटीसीबी या संस्थेची परीक्षा १२९ डॉलरची. परीक्षेला बसायला मान्यताप्राप्त कोर्स किंवा ५०० तासांचा अनुभव हवा, शिवाय राज्याकडे नोंदणी. मात्र नुसत्या एच-४ वर नोकरी करता येत नाही. जावयांच्या ग्रीन कार्डासाठी कंपनीनं केलेला आय-१४० हा अर्ज मंजूर असेल, तर तिला वर्क परमिट मागता येतं. आधी हे जावयांना विचारा, फी मग भरा.

धाकटीचं अजून हातात आहे. तिला फार्म.डी. घेऊ द्या. आपल्याकडे २००८ पासून आहे, सहा वर्षांचं, शेवटचं वर्ष इंटर्नशिपचं. पुढे ईसीई या संस्थेकडून पदवीची तपासणी, टोफेल ही इंग्रजीची परीक्षा, मग एफपीजीईई ही परदेशी फार्मसी पदवीधरांची परीक्षा. टोफेलमध्ये बोलण्याची अट सगळ्यांत कडक. तेव्हा इंग्रजी बोलायची सवय आतापासून लावा. त्यानंतर राज्य सांगेल तितके इंटर्नचे तास (कॅलिफोर्नियात १,५०० आहेत), नॅपलेक्स ही लायसन्सची मुख्य परीक्षा, आणि बहुतेक राज्यांत कायद्याची वेगळी परीक्षा. प्रत्येक ठिकाणी डॉलरमध्ये फी. एकट्या नॅपलेक्सला अर्जासकट पाचशे डॉलरच्या वर जातात, म्हणजे चाळीस हजारांच्या पुढे. नापास झालं की परीक्षेची फी पुन्हा.

आणि नावाचं बघा. आपल्याकडे एसएसएलसीच्या (दहावीच्या) मार्क्स कार्डावर बऱ्याचदा आडनावापुढे नुसती आद्याक्षरं असतात, पासपोर्टवर मात्र वडिलांच्या नावासकट पूर्ण नाव. माझ्या एका विद्यार्थिनीच्या कार्डावर ‘पाटील एस. आर.’ होतं. बाहेरच्या अर्जात ही दोन नावं एकाच मुलीची, हे पटवताना तिची दमछाक झाली. अॅफिडेव्हिट, पत्रं, पुन्हा पत्रं. कॉलेज राजीव गांधी आरोग्य विद्यापीठाचं असेल, तर ट्रान्सक्रिप्टचा (सगळ्या वर्षांच्या गुणांच्या अधिकृत उताऱ्याचा) कारभार बेंगळुरूत, जयनगरला. अर्ज कुठे अडकला तर राणी चन्नम्मा एक्सप्रेसनं रात्रभर प्रवास करून जायचं. म्हणून पासपोर्ट, आधार, पीयूसी, सगळीकडे नावाची एकच स्पेलिंग आहे का, ते कॉलेजच्या अॅडमिशनआधी तपासा. दुरुस्ती करायची तर आत्ताच करा.

थोरलीची मूळ मार्क्स कार्डं त्या एजंटकडे दिली असतील, तर उद्या सकाळीच जाऊन परत आणा.